औरंगाबाद ते भूज, मांडीवर वरवंटा

तुळजापूरला आमच्या गल्लीत मला दीड-दोन वर्षं एकच प्रश्न ऐकावा लागला. "वैनी, कुसुम कुठं असते म्हणालात?" मी सांगायची, भूजला. मग समोरची बाई हनुवटीवर बोट ठेवायची. "अगं बाई! येवढ्या लांब?"

"लांब कशाचं आलंय? इमानात बसलं की सकाळचा चहा औरंगाबादला आन् जेवायला लेकीकडं." हे मी छातीठोक सांगत होते तेव्हा विमान फक्त आभाळातून जाताना पाहिलं होतं, तेही डोळ्यांवर हात धरून. पण गल्लीतल्या बायकांपुढं पडतं घेणं माझ्या रक्तात नाही. आणि लेकीला मी लांब दिलीच नव्हती. दिली होती उस्मानाबादेत, इथून बसनं जरा टेकावं तोवर येतं. पुढं निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच राज्यात तिकडून कच्छही आला, आणि सरकारनं आमच्या जावयाला, विनायकरावांना, एका टोकाहून उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहेत. हसून म्हणतात, "शाळेत उर्दू शिकलो, नोकरीत मराठी लिहायला लागलो, आता गुजराती गिरवतोय. पाणी मात्र सगळ्या भाषांत खालीच वाहतं."

तर त्या भूजला मी जाऊन आले. आता कुणी विचारलं तर मी ऐकीव सांगत नाही.

तुळजापूर

कुसुमचं पहिलंच बाळंतपण. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, यात दुसरं मत नसतं. सातव्यात विनायकराव तिला आणून सोडणार होते. पण मध्येच तिला त्रास झाला, पायांवर सूज आली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं की प्रवास बिलकुल नको. पत्र वाचून दाखवताना ह्यांचा आवाज बारीक झाला.

"लेक येऊ शकत न्हाय," मी म्हटलं, "तर माहेर तिकडं जाईल."

ह्यांना येता येईना. आमचं घर पुजाऱ्याचं, आणि शाकंभरी नवरात्रात ह्यांची देवळातली पाळी. पाळी सोडून पुजारी हलत नाही, मग घरात काही का होईना. रेल्वेनं जायचं तर बदलत बदलत चार दिवस, तोवर इकडं काय, तिकडं काय. विनायकरावांनी विमानाचं तिकीट पाठवलं. पुतण्या औरंगाबादपर्यंत सोबत येणार, पुढं मी एकटी. मला एकच ध्यास होता. गल्लीतल्या निम्म्या पोरींची बाळंतपणं माझ्या हातांनी पार पडली आहेत, सुईण नंतर पोचायची. माझ्याच लेकीचं परक्या हातांनी व्हावं, हे मला मान्य नव्हतं.

डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वावडिंग, खारीक, जुन्या लुगड्यांची दुपटी, देवीचं कुंकू. आणि वरवंटा. पाचवीला आम्ही पाटा-वरवंटा पुजतो आणि बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळासारखा पाळण्याखालून एकीनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा. तो घरचाच लागतो, सासूबाईंच्या हाताखाली झिजलेला. मी पाटासुद्धा काढला होता. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "इमान उडू द्या हो बापड्यांचं." तेव्हा पाटा राहिला.

औरंगाबाद

पहाटेची एस.टी. धरली. उस्मानाबाद, मग येडशी. तिथं चहा प्यायलो. पुढं बीडकडं जाताना दोन्ही अंगांनी ज्वारी माणसाच्या वर उभी, कणसं भरत आलेली. गाडीचं एकदा चाक बसलं, एकदा ड्रायव्हरचा पाहुणा भेटला. औरंगाबादला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. अख्खा दिवस गेला. पुतण्या म्हणाला, "काकू, आता ह्याच्या तिपटीनं जास्त लांब जायचंय, आन् हवेत जेमतेम चार तास." मला ते पटलं नाही. कंबर दुखली नाही तर तो प्रवास कसला?

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सामान तोलायला घेतलं. आणि सामान झाल्यावर तिथला साहेब मलाच म्हणाला, काट्यावर उभ्या राहा. लहान विमान, म्हणे, माणसंसुद्धा तोलून घेतात.

"मी काय आडतीवरचं पोतं हाय का?"

"अम्मा, सबकू तोलते," तो म्हणाला. औरंगाबादचाच होता, आमच्यासारखीच दखनी बोलणारा. तोललं. मग माझी पिशवी उचलून बघितली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "ये क्या है जी? पत्थर?"

"पत्थर नक्को बोलो. वरवंटा है. बेटी का बाळंतपण है."

"भूज में वरवंटा नहीं मिलता क्या?"

"तुमच्या घरात दुसऱ्याची आई चालेल का?"

त्यानं हसून पिशवी काट्यावर ठेवली. पण सामानाचं वजन जास्त भरतंय ते भरतंयच. एकतर वरवंटा ठेवा नाहीतर लाडवांचा डबा, असं झालं. मागं लोक खोळंबले. मी डबा उघडला, साहेबाला दोन, हमालांना एकेक, रांगेतल्या पोरांना एकेक, आणि उरलेले लुगड्याच्या ओच्यात बांधून घेतले. वरवंटा शालीत गुंडाळून मांडीवर. साहेबानं लाडू खात खात हात हलवला, जा म्हणाला. बाळंतिणीचे लाडू विमानतळावर वाटत सुटणारी माझ्यासारखी दुसरी बाई त्यानं पाहिली नसणार.

विमान उभं होतं तेच नाक वर करून, त्यामुळं आत शिरल्यावर चढ चढल्यासारखं चालावं लागतं. एका गोऱ्यापान पोरीनं गोळ्या दिल्या आणि कानात घालायला कापूस दिला. धावलं तेव्हा मी जगदंबेचं नाव घेतलं, आणि पुन्हा डोळे उघडले तर खाली शेतं, गोधडीवरच्या ठिगळांएवढी. भीती? छे. मला राग आला. एवढं सोपं होतं तर लोक मला "येवढ्या लांब" म्हणून घाबरवत का होते?

शेजारी वेरूळ बघून निघालेली एक परदेशी बाई होती. माझ्या मांडीवरच्या शालीकडं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, हळूच हसली, आणि वाकून शालीचं टोक बाजूला केलं. दगड बघून तिचं तोंड उघडं ते उघडंच. मी तिला खुणांनी सगळं समजावलं, पोट, पाळणा, दळणवाटण. तिला काय कळलं देव जाणे, पण मुंबई येईपर्यंत ती माझ्याकडं बघत होती.

मुंबईत विमान बदलायचं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी. ह्यांच्या एका यजमानांनी घरी नेलं, उत्तम ठेवलं. मुंबईत मुक्काम पडला हे मी गल्लीत अजून सांगितलेलं नाही.

भूज

मुंबईनंतर सगळा समुद्र. मग जामनगरला उतरून पुन्हा उडालो आणि पाण्यापलीकडं जमीन दिसली, पिवळी, कोरडी, मध्येमध्ये पांढरी. मला वाटलं कुणी रांगोळी सांडली. शेजारच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, मीठ आहे. झाड म्हणून दिसेल तर शपथ. इथं माझी पोर दोन वर्षं राहतेय.

विनायकराव न्यायला आले होते. कुसुम दारात उभी होती, तोंड सुजलेलं, पण हसत होती. मी तिच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि पदर खोचून स्वैपाकघराकडं वळले. तर तिथं एक बाई अगोदरच होती.

काळा घागरा, काळी ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या हस्तिदंती बांगड्या, बलोयी म्हणतात तिकडं, माझ्याच वयाची. दोन तळव्यांत पीठ फिरवून बाजरीचा रोटला घडवत होती, पोळपाट नाही की परात नाही. आम्ही भाकरी थापतो, ही बाई ती हवेत करते. कुसुम म्हणाली, "आई, ह्या वेलबाई. शेजारच्या."

आता बघा, आमच्या घरी बारा महिने यात्रेकरू उतरतात. कुणी दारात आलं की नाव काय, गाव कुठलं, कुळ कुठलं, कुलदेवी कोण, हे विचारून कुंकू लावायचं, पाणी द्यायचं आणि बसवायचं, ही जन्माची सवय. मी तेच केलं. वेलबाईला चुलीपुढून उठवलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं, प्रसाद दिला आणि तिचं कुळ विचारलं. वर सांगितलं, "तुळजापूरला दर्शनकू आओ. हमारेच घर उतरो."

ती बाई त्या घरात चार महिने चूल सांभाळत होती आणि मी तिला तिथंच पाहुणी केलं. ती हसली. तिच्या कच्छी हिंदीत म्हणाली, "हमारी माताजी आशापुरा. तुम बैठो बेन, थक गये होंगे. रोटला खाओ."

"मी कशी बसू? मी करायला आलेय."

"तो कल करना."

ताटात रोटला, लोण्याचा गोळा, गूळ, ताक. चव चांगली होती, हे मी त्या वेळी कबूल केलं नाही. पाणी मात्र खारट, डाळ शिजता शिजत नाही. आमच्याकडं विहिरीचं पाणी जरा जड लागलं की बायका कुरकुरतात. इथं त्या पाण्यात माणसं जन्म काढतात आणि वर ताकानं पाहुण्याचं तोंड गोड करतात.

मग सुरू झालं. मी शेपांचं पाणी करावं, तर वेलबाई सुव्याचं घेऊन हजर. चाखून बघितलं तर तेच ते. मी उरलेले डिंकाचे लाडू काढावेत, तर ती सांगे की बाळंतिणीला काटलुं करणार, म्हणजे तिकडची पौष्टिक वडी, बत्तीस वसाणं, औषधी मसाले, घालून. डिंक त्यातही होता. मी म्हणायची, पाय वर ठेवून झोप. ती म्हणायची, अंगणात चार फेऱ्या मार. आणि कुसुम फेऱ्या मारायची! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रोज दुपारी वेलबाई यायची, कुसुमच्या पायांना तेल चोळायची, आणि दोघी कच्छीत काहीतरी बोलून हसायच्या. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

एकदा तिच्या घरी गेले. मोठं घर, आरशांचे तुकडे लावून लिंपलेल्या भिंती, पितळेची भांडी मांडलेली, आणि माणूस एकही नाही. नवरा नोकरीपायी मुंबईला. भिंतीवर एका तरुण बाईची तसबीर, कडेवर पोर.

"मेरी रतन," वेलबाई म्हणाली. "मोंबासा में."

"कुठं आलं ते?"

"दरिया के उस पार. आफ्रिका." जहाजानं जायचं, म्हणाली, किती दिवस ते वाऱ्यावर आणि बोटीवर. लग्न होऊन गेली ती परत आली नाही. दोन पोरं झाली, ती हिनं तसबिरीतच पाहिली. विमानाचं विचारलं तर हसली. तेवढं तिच्या जावयाला परवडत नव्हतं. मी त्या तसबिरीतल्या पोराची दृष्ट काढली. पण सांगते, तरीही माझा राग गेला नाही. तिची लेक लांब आहे म्हणून तिनं माझी घ्यावी का?

दवाखान्यात

कळा सकाळी सुरू झाल्या. टांग्यातून दवाखान्यात नेलं. वेलबाई न बोलावता टांग्यात चढली. विनायकरावांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी सगळ्यांना धीर देत होते, टांगेवाल्याला रस्ता सांगत होते, भूजचे रस्ते मला ठाऊक नसतानाही.

दवाखान्यात नर्सनं दार अडवलं. आत एकच बाई येईल. मी पुढं झाले. विचारायचा प्रश्नच नव्हता. कुसुमचा हात धरला आणि सांगायला लागले, श्वास असा घे, मूठ आवळू नको, जगदंबेचं नाव घे, मी हाय ना. ती माझ्याकडं बघून हुंदके द्यायला लागली. जितकं मी सांगावं तितकी ती रडे. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, रडण्यात बळ संपतंय.

मग कुसुम म्हणाली, "आई, तू बाहेर बस."

"काय?"

"तुझं तोंड बघितलं की मला रडूच येतं. अंगात बळ राहत न्हाय. वेलबाईंना पाठव."

मी बाहेर आले. वेलबाईकडं न बघता दाराकडं बोट केलं. ती आत गेली आणि मी बाकावर बसले.

आधी मला संताप आला. पाचशे मैलांवरून आभाळातून आले ती बाकावर बसायला? मग संताप गेला आणि भीती आली, आणि ती मात्र खरी होती. यात्रेकरूंसाठी मी हजार नवस बोलले आहेत. पोर होऊ दे, नोकरी लागू दे, कोर्टात जिंकू दे, सगळ्यांचं देवीला सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. त्या बाकावर स्वतःसाठी मागायची वेळ आली तर मला शब्दच सापडेनात. नुसतं "आई, आई" म्हणत होते. आत कुसुमही तेच म्हणत होती. मला ऐकू येत होतं. तिला मी हवी होते, पण समोर नको होते. हे कळायला मला दुपार उलटावी लागली.

ऊन कलायला लागलं तेव्हा बाळाचा आवाज आला. मी उठून दाराशी गेले. नर्स दुपट्यात बाळ घेऊन आली, मागून वेलबाई. घामानं निथळत होती, ओढणी खांद्यावर. नर्सनं बाळ तिच्यापुढं केलं, कारण दिवसभर आत तीच होती. वेलबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"हम नहीं," ती म्हणाली. "पहेले नानी."

मुलगी होती. माझ्या हातांत आली आणि डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागली, जणू मी कोण ते विचारतेय. मी तिला पदरात गुंडाळलं. वेलबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो झटकला नाही.

बारसं

पाचवीला वरवंटा पुजला. पाटा वेलबाईचा. बारशाला त्याला कुंची घातली, काजळ लावलं, आणि कुसुमच्या शेजारणींनी तो पाळण्याखालून इकडून तिकडं दिला. त्या हसून हसून बेजार. एकीनं विचारलं, ह्याला दूध पाजायचं का? वेलबाईनं मात्र तो नीट छातीशी धरला, मुका घेतला, आणि मग माझ्याकडं दिला. त्यांच्यात सहाव्या दिवशी छठी, आमच्यात पाचवी. सटवाई एकाच पोरीचं नशीब लिहायला दोनदा कशाला येईल, असं मी म्हटलं. वेलबाई म्हणाली, एकदा लिहील आणि दुसऱ्यांदा सुधारेल. काटलुं आणि डिंकाचे लाडू कुसुमनं दोन्ही खाल्ले. वेलबाईनं मला तळव्यावर रोटला घडवायला शिकवलं. माझा मध्येच फाटतो, अजूनही.

निघायचा दिवस आला. बाळंतीण मजेत, बाळ गुटगुटीत, आणि ह्यांची पत्रावर पत्रं की घरात यात्रेकरूंना चहा कोण देणार. कुसुम उंबऱ्यातच रडली. मी तिला दटावलं आणि मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर गेले नसते.

वेलबाई विमानतळापर्यंत आली. पत्र्याची शेड, वारा, आणि मोकळ्या मैदानात उभं विमान. तिनं बोचकं सोडलं. लाल बांधणी, नारळ, मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, सुपारी. म्हणाली, "बेन, खोळो."

मला आधी कळलं नाही. मग कळलं की ही माझी ओटी भरतेय. माझ्या हातांनी किती बायकांच्या ओट्या भरल्या असतील त्याला गणती नाही, रोजचं काम आहे ते. माझी ओटी मात्र आई गेल्यापासून माहेरची म्हणून कुणी भरली नव्हती. पदर कसा धरायचा तेच मला सुचेना. दोनदा निसटला. वेलबाईनं माझे हात धरून तो पसरवला आणि त्यात सगळं घातलं, गूळ माझ्या तोंडात. मी तिथं, हमालांच्या आणि साहेबांच्या देखत, पोरीसारखी रडले.

"तुम आये," ती म्हणाली. "अच्छा किया. मेरी रतन को दो बच्चे हुए. मैं गई नहीं." थोडी थांबली. "कुसुम का काम करती थी न, तो मन में कहती थी, वहाँ भी कोई बाई होगी. मेरी रतन के पास. होगी ना, बेन?"

हाक आली, चढा म्हणून. मोंबासा कुठं आहे, तिथं कसली माणसं राहतात, मला काही ठाऊक नव्हतं. पण आयुष्यात मी इतक्या ठामपणानं कधी बोलले नसेन.

"हाय, वेलबाई," मी म्हटलं. "हायच. मी सांगते ना."